वस्तीत काम शिकताना: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली की माझ्या फोनवर तेच प्रश्न नव्या नावांनी येतात. काही एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर कोर्सच्या) पोरांचे, काही मंडळाच्या कार्यकर्त्यांचे, काही नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षकांचे. व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मी अठरा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागात आणि आसपासच्या वस्त्यांत काम केलंय, त्यातली अलीकडची बरीचशी विद्यार्थ्यांच्या फिल्डवर्कवर देखरेख करण्यात गेली. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. आम्ही गणपतीत रक्तदान शिबिर घेतो, दिवाळीत फराळ वाटतो. हे समाजकार्य नाही का?

चांगलं काम आहे, बंद करू नका. पण फराळात काय द्यायचं, कुणाला द्यायचं, कधी द्यायचं हे सगळं तुम्ही ठरवता. वस्तीपातळीवरच्या समाजकार्यात हे ठरवणं वस्तीकडे असतं आणि तुम्ही त्या ठरवण्याला हातभार लावता.

गटारीचं उदाहरण घ्या. गल्लीतली गटार तुंबली. पंचवीस कार्यकर्ते २ ऑक्टोबरला फावडी घेऊन गेले, गटार साफ झाली, फोटो छान आले. दुसऱ्या गल्लीत चार बायकांनी आधी शोधून काढलं की चेंबर कुठे आहे, झाकण कधीपासून नाही, महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज कोण घेतं. अर्ज दिला, पोच घेतली, तीन खेपा घातल्या. दीड महिना लागला, आणि फोटो काढण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पुढच्या पावसात दोन्ही गटारी पुन्हा तुंबतात. पहिल्या गल्लीतून मंडळाला फोन येतो. दुसऱ्या गल्लीतल्या बायका मागच्या अर्जाची पोच घेऊन झोन ऑफिसला जातात. आपण शिकायचं ते हे दुसरं काम. त्याला समाजसेवा म्हणा की समाजकार्य, मी वाद घालत नाही.

२. एमएसडब्ल्यू न करता हे काम करता येतं का?

येतं. वकील-डॉक्टरांना लागते तशी सनद वस्तीत काम करायला लागत नाही. मनोरुग्णांसोबत काम करणारे मानसोपचार समाजकार्यकर्ते हा वेगळा विषय. तिथे ठरावीक शिक्षण लागतंच.

करमाळ्याच्या पलीकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जो ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तो गावातल्याच बायकांनी पेलला. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी बाळंतपणं केली, कुपोषित मुलं ओळखली, डॉक्टरांना दोन गोष्टी शिकवल्याही. म्हणून पदवी नाही याचं दडपण घेऊ नका.

पण पदवीचा एक उपयोग खरा आहे. तिथे तुमचं काम कुणीतरी दर आठवड्याला तपासतं. तुम्ही नोंदी लिहिता आणि शिक्षक लाल पेनाने विचारतात, ‘इथे हे तू का बोललीस?’ स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्याला हे विचारणारं कुणी नसतं. शिक्षण घेत नसाल तर असा एक माणूस शोधा आणि महिन्यातून एकदा त्याच्यासमोर वही उघडून बसा.

३. सोलापुरात किंवा जवळपास शिकायचं तर कुठे?

शहरात वालचंद कला व शास्त्र महाविद्यालयात एमएसडब्ल्यू आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात (२००४ मध्ये स्थापन झालं, तेव्हा नाव नुसतं सोलापूर विद्यापीठ होतं) सामाजिक शास्त्रांचे विभाग आहेत. तासाभरावर तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे आणि ग्रामीण कामाची ओढ असेल तर मी आधी तिकडे बोट दाखवते. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, १९६३ ची. अभ्यासक्रम बदलत राहतात, तेव्हा प्रत्यक्ष जाऊन विचारा आणि एक प्रश्न हमखास विचारा: आठवड्यातून किती दिवस फिल्डवर पाठवता, आणि तिथे बघायला कोण येतं? दोन वर्षांच्या कोर्समध्ये आठवड्याला दोन दिवस फिल्डवर्क ही नेहमीची पद्धत आहे. ते कागदावरच असेल तर फी वाया.

४. वस्तीत पहिल्यांदा जायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

पहिले पंधरा दिवस काहीच ‘करायचं’ नाही. सगळ्यात अवघड भाग हाच.

सुरुवात अंगणवाडी सेविका आणि आशाताईंपासून. अंगणवाडी १९७५ पासून आहे, आशा २००५ नंतरच्या. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाचं रेशन बंद पडलंय, हे त्यांना पाठ असतं. मात्र त्यांच्यामागे पहिल्याच दिवशी घरोघर फिरू नका. लोक तुम्हाला सर्वेवाले समजतात आणि लस चुकलेलं पोर आतल्या खोलीत जातं.

माझा पहिला धडा एका चाळीत झाला. विड्या वळणाऱ्या एका अक्कांच्या दारात उभी राहून मी बोलत होते. त्यांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, हातात कात्री. भिजवलेलं पान पत्र्याच्या साच्यावर ठेवून कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, टोक नखानं आत दाबायचं. मान खालीच. मी विचारत होते, त्या ‘होय’, ‘नाही’ एवढंच म्हणत होत्या. दहा मिनिटांनी म्हणाल्या, ‘उजेड सोडा की ओ ताई.’ खोलीला खिडकी नव्हती. येणारा सगळा उजेड दारातून येत होता आणि मी तोच अडवून उभी. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, म्हणजे मी त्यांच्या पैशात उभी होते. तेव्हापासून नव्या पोरांना पहिलं सांगणं हेच: दाराच्या कडेला, भिंतीला टेकून, खाली बसा.

बसल्यावर बघायचं काय? पाणी कधी येतं, उधारी कुठल्या किराण्यात चालते, कागद वाचून घ्यायला लोक कुणाकडे जातात, भांडण झालं की मध्ये कोण पडतं. ही शेवटची दोन माणसं सापडली की निम्मं काम झालं. आणि ती बहुतेक वेळा फलकावर नाव असलेली माणसं नसतात.

महिनाभराने नकाशा काढा, तोही बायकांकडून, रस्त्यावर रांगोळीने. एका गल्लीत बायकांनी देवळापेक्षा सार्वजनिक शौचालय तिप्पट मोठं काढलं आणि त्याच्या वाटेवरचा बंद दिवाही काढला. सर्वेच्या चाळीस प्रश्नांत तो दिवा कधीच आला नसता.

५. मला तेलुगू येत नाही, कन्नड येत नाही. चालेल का?

चालेल, पण लपवू नका. पूर्व भागात घरात तेलुगू, विजापूर वेशीकडे उर्दू-हिंदी, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, आणि बाहेर सगळ्यांशी सोलापुरी मराठी, असा हा गाव. बहुतेकांना मराठी कळते. मात्र दुखणं, नवऱ्याची मारहाण, कर्ज हे विषय आले की माणूस आपल्या भाषेत जातो. तिथे ‘हो हो’ ऐकून समाधानी होऊ नका. ‘हो’ म्हणजे ‘कळलं’ असेलच असं नाही, ‘आता जा’ असंही असतं.

‘तिन्नारा?’ आणि ‘ऊटा आयता?’ एवढं शिका. दोन्हीचा अर्थ जेवलात का. ‘अक्का’ हा शब्द तिन्ही भाषांत थोरल्या बहिणीचा, तो निर्धास्त वापरा. दुभाषा लागला तर त्याच घरातलं शाळकरी पोर घेऊ नका. आईच्या पाळीविषयीचे प्रश्न दहा वर्षांच्या मुलाने भाषांतर करताना मी पाहिलंय. तो आणि ती, दोघंही जमिनीकडे बघत होते.

६. बैठक ठेवली, सगळ्यांनी येतो म्हटलं, कोणीच आलं नाही. काय चुकलं?

आधी विचारा, त्या दिवशी पाणी होतं का? सोलापुरात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येण्याची वर्षानुवर्षांची सवय आहे. उजनी धरण भरलेलं असलं तरी. पाण्याच्या दिवशी बाई घर सोडत नाही, सोडूच शकत नाही. प्रत्येक भागाचा पाण्याचा वार वेगळा, आणि तोही सरकतो. वहीच्या पहिल्या पानावर त्या गल्लीचं पाण्याचं वेळापत्रक असलंच पाहिजे.

मग बाकीचं. विड्या कारखान्यात द्यायची सकाळची वेळ, यंत्रमागाची पाळी सुटायची वेळ, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयांचा रथ, रमजानची संध्याकाळ. आणि जागा. समाजमंदिरात बोलावलं तर ज्या समाजाचं मंदिर नाही ते येत नाहीत, मोठ्या जावेच्या ओट्यावर बोलावलं तर धाकटी येत नाही. मी आता बैठक बोलावतच नाही. चार जणी विड्या वळत जिथे आधीच बसलेल्या असतात तिथे जाऊन बसते.

७. सर्वेक्षणाचा फॉर्म किती पानांचा असावा?

एक पान. जी माहिती विचारून तुम्ही पुढच्या तीन महिन्यांत काही करणार नाही, ती विचारू नका. आधार क्रमांक तर मुळीच लिहून घेऊ नका. आणि निष्कर्ष वस्तीत वाचून दाखवा. वर्षातून चार कॉलेजं येऊन तेच विचारून जातात आणि पुन्हा कुणी तोंड दाखवत नाही, ही लोकांची तक्रार रास्त आहे.

८. ‘आम्हाला काय मिळणार?’ असं पहिल्याच दिवशी विचारतात. काय सांगू?

खरं सांगा: ‘माझ्याकडे वाटायला काही नाही. मी शिकायला आलेय, मे महिन्यापर्यंत आहे, मंगळवारी आणि शुक्रवारी येईन.’ काहीजण उठून जातील. जाऊ द्या. ‘बघू, प्रयत्न करू’ हे मात्र म्हणू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘होईल’ असाच घेतला जातो, आणि मग चार महिन्यांनी घरकुलाच्या फॉर्मचं काय झालं म्हणून तुम्हाला कोपऱ्यावर धरतात.

९. बचत गट काढायचाय. कुठून सुरुवात करू?

आधीच्या गटाचं काय झालं हे विचारण्यापासून. एखादा बुडालेला गट प्रत्येक वस्तीत असतोच, आणि पैसे कुणी खाल्ले यावर तीन मतं असतात. तो हिशेब न मिटवता नवा गट काढला तर तोच राग नव्या वहीत येतो.

बाकी रचना ठरलेली आहे. दहा ते वीस बायका, आणि पंचसूत्री: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाच्या नीट नोंदी. माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) १९७५ पासून महाराष्ट्रात महिलांसाठी काम करतंय आणि ग्रामीण भागात ‘उमेद’ हे सरकारी अभियान आहे. त्यांची माणसं प्रशिक्षणाला येतात, नमुन्याच्या वह्या देतात. माझं म्हणणं फक्त एका गोष्टीबद्दल आहे, वहीबद्दल. पहिल्या महिन्यात विद्यार्थिनी हौसेने वही लिहिते. अक्षर सुंदर, बेरीज बरोबर. मग तिची परीक्षा येते आणि गट थांबतो. वही पहिल्या दिवसापासून गटातल्या बाईनेच लिहायची. तिला तेलुगूच लिहिता येत असेल तर तेलुगूत लिहू दे. बँकेला लागेल तेवढं मराठीत उतरवता येतं. कुणालाच येत नसेल तर सातवी-आठवीतली मुलगी लिहील, पण आकडा मोठ्याने वाचून, सगळ्यांच्या समोर. आणि वही तुमच्या पिशवीत राहता कामा नये. ती कुठे ठेवायची यावर त्यांना भांडू द्या. त्या भांडणात कुणाचा कुणावर विश्वास आहे ते कळतं.

१०. विडीने फुप्फुसं खराब होतात. वळणं सोडा, असं बायकांना सांगायचं का?

त्यांना ते माहीत आहे. खोकला त्यांचाच आहे.

मी एकदा शिवणवर्ग काढला. मशिनी आल्या, शिक्षिका आली, बायका तीन महिने आल्याही. सहाव्या महिन्यात मशिनींवर जुन्या साड्या टाकून खोलीला कुलूप. मी चिडले तेव्हा एकीने शांतपणे विचारलं, ‘विडीला फंड आहे. शिलाईला काय आहे, सांगा की.’ उत्तर नव्हतं. रीतसर कामाला असलेल्या विडी कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळतो. विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा १९६६ चा होता (२०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), कल्याण निधीचा १९७६ चा. ओळखपत्र असलं की मुलांची शिष्यवृत्ती आणि दवाखाना मिळतो. विडी घरात बसून, पोरं सांभाळत वळता येते. हे सगळं बाजूला ठेवून मी फक्त तंबाखू बघितला होता.

तेव्हा सुरुवात आहे त्या कामातूनच करा. ओळखपत्र आहे का, फंडाच्या नोंदीत नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या कोण मोजतं? नुसती नावातली दुरुस्ती करून दिली तरी म्हातारपणी अडकणारे पैसे सुटतात. पर्यायी धंद्याचं नंतर, आणि विषय त्यांनीच काढला तर. मुलींचं शिक्षण हा पर्याय त्या स्वतःच निवडतायत, तिथे हात द्या.

११. युनियन आहे, पक्ष आहेत, नगरसेवक आहेत. त्यांच्यात आपण कुठे बसतो?

त्यांच्या शेजारी. सोलापूर हे कामगार चळवळीचं गाव आहे, इथल्या लोकांना मोर्चा शिकवायला जाऊ नका. १९३० साली इथे मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे हे चौघे येरवड्यात फासावर गेले. त्यांची नावं इथे पोराटोरांना माहीत आहेत. कुंभारीच्या माळावर विडी कामगारांच्या घरकुलांची वसाहत आणि पुढे रे नगर उभं राहिलं ते लाल बावट्याच्या, म्हणजे डाव्या कामगार युनियनच्या, अनेक वर्षांच्या पाठपुराव्यातून. रे नगरची योजना ३० हजार घरांची, त्यातल्या १५ हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या.

मात्र घर मिळाल्यावर नवं काम सुरू होतं आणि तिथे आपली गरज पडते. जुन्या गल्लीतली शेजारीण सुटते, पोराची शाळा लांब पडते, उधारी देणारा किराणावाला नसतो, इमारतीच्या जिन्याचा दिवा कुणी लावायचा हे ठरलेलं नसतं. प्रश्न ४ मधलं सगळं तिथे पहिल्यापासून करावं लागतं.

नगरसेवकांना भेटा, सगळ्याच पक्षांच्या. एकट्याने जाऊ नका, वस्तीतल्या दोघींना बरोबर घ्या आणि बोलू त्यांनाच द्या. निवडणुकीच्या दोन महिन्यांत नवा उपक्रम सुरू करू नका, आणि व्यासपीठावर खुर्ची दिली तर समोर सतरंजीवर जाऊन बसा.

१२. अर्ज करून उत्तर येत नाही. पुढे काय?

आधी पोच घेतली होती का? शिक्का आणि तारीख असलेली प्रत नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

पोच असेल तर महिन्याने माहितीचा अधिकार. कायदा २००५ चा, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तो १५० शब्दांत. ‘गटार का साफ केली नाही?’ असं विचारू नका. कारणं मागितली की उत्तर टाळता येतं. ‘माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची, टिपणीसह, प्रत द्यावी’ असं मागा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील.

अर्ज वस्तीतल्या माणसाच्या नावाने असू दे, पण त्याला आधी सांगा की नाव कार्यालयात कळणार. कुणाला हे जड जाणार असेल, टपरी रस्त्यावर असेल, तर नाव तुमचं टाका. हा निर्णय त्याच्याशी बोलून, घाई न करता घ्यायचा.

१३. फोटो आणि रील टाकले तर चालतात ना?

मोठ्यांचे विचारून. लहान मुलांचे चेहरे नकोत. मदत घेणाऱ्याचा हात पसरलेला फोटो कधीच नको. प्रश्न १५ मधल्या प्रकरणांत तर मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे.

१४. सेटलमेंट भागात फिल्डवर्क मिळालंय. घरचे घाबरलेत.

घरच्यांना इतिहास सांगा. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवून हजेरी घ्यायची, ती वसाहत म्हणजे सेटलमेंट. सोलापुरात ती होती, म्हणून हा शब्द आज रिक्षावाल्यालाही पत्ता म्हणून कळतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा देशभर संपला. ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी तिथे हजर राहा, महिन्याभराच्या भेटींपेक्षा जास्त कळेल.

कामाचा विषय बहुतेक वेळा जातीचा दाखला हा निघतो, आणि इथे नवी माणसं चुकतात. विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. एकाच गल्लीत दोन तारखा. ज्यांच्या आज्यांना गावकुसाबाहेरही टिकू दिलं नाही, त्यांच्याकडे वास्तव्याचा पुरावा मागायचा! शाळेचा निर्गम उतारा (शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या नोंदीची प्रत) हा सगळ्यात भक्कम कागद. आजोबांचा नसेल तर चुलत आजोबांचा शोधा, आणि वंशावळ त्यांच्या तोंडून ऐकून घरातल्या म्हाताऱ्या बाईकडून तपासून घ्या. पुरुष चुलत्यांची नावं विसरतात, त्या विसरत नाहीत.

१५. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन दिलं आणि मुलीने भयंकर काही सांगितलं. आता?

असं वचन मुळात द्यायचं नाही. सुरुवातीलाच म्हणा, ‘तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागेल, पण तुला विचारून, तुला कळवून.’

अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विद्यार्थी असलात तरी सूट नाही. ‘घरची अब्रू’, ‘वस्तीतल्या पंचांनी मिटवलं’ ही कारणं चालत नाहीत. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आपल्या पर्यवेक्षकांना त्याच दिवशी सांगा, आणि मुलीला पुन्हा पुन्हा प्रसंग सांगायला लावू नका. तिने जे शब्द वापरले ते, तसेच, तारखेसह लिहून ठेवा.

बालविवाहाचा कायदा २००६ चा, वय मुलीचं १८, मुलाचं २१. लग्न आठ दिवसांवर असेल तर १०९८ किंवा पोलीस. गावात ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. हळद लागल्यावर नुसतं समजवायला जाऊ नका, तो वेळ गेलेला असतो. पण लग्न अजून बोलण्यातच असेल तर मात्र मुलीच्या मामाला गाठा. आमच्याकडची निम्मी लग्नं मामाच्या शब्दावर थांबली आहेत.

१६. शेजारी नवरा मारतो हे दिसतंय, पण ती तक्रार करायला तयार नाही.

प्रश्न १५ पेक्षा हे वेगळं, कारण ती सज्ञान आहे. कधी बाहेर पडायचं हे तीच ठरवणार. तुम्ही नवऱ्याला जाब विचारलात तर त्या रात्रीचा मार तिला पडतो. तिला एवढं माहीत करून द्या: १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस) हे नंबर, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, आणि तिला त्याच घरात राहायचा हक्क मागता येतो. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये गेली तर ‘पडले’ न म्हणता खरं कारण केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. हा कागद पुढे दोन वर्षांनीही कामाला येतो. नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, चिठ्ठी सापडते. पाठ करून घ्या. जीव जायची वेळ दिसली तर मात्र परवानगीची वाट न बघता ११२.

१७. मी त्याच वस्तीतला आहे. मला हे सगळं लागू होतं का?

निम्मं. प्रश्न ४ चे पंधरा दिवस तुम्हाला नकोत, पण तुमचं अवघड वेगळं आहे. तुम्ही कुणाचे तरी पुतणे आहात, एका भावकीचे, एका मंडळाचे आहात. ज्या गल्लीत तुम्ही लहानपणापासून गेलाच नाहीत तिथे मुद्दाम जा. का गेला नाहीत याचं उत्तर बहुधा जात हे असेल, आणि ते स्वतःशी तरी कबूल करा. आणखी एक: घरात काम मागू लागले, ‘तू तर ऑफिसात ओळखतोस’ असं, की नातेवाइकांचा अर्जही रांगेतच लावा.

१८. संस्था नोंदवू का?

दोन वर्षं तरी नको. महाराष्ट्रात सात माणसं लागतात, १८६० च्या कायद्याने संस्था आणि १९५० च्या कायद्याने विश्वस्त नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. मग दरवर्षीचे हिशेब, बदल अर्ज, आयकर सवलतीच्या नोंदण्या. एक माणूस कागदातच जातो. काम आधी उभं राहिलं आणि पैशाशिवाय अडलं, तेव्हा नोंदवा. पगाराचं विचारणाऱ्यांना: संस्थेतली सुरुवातीची नोकरी तुटपुंजी असते आणि प्रकल्प संपला की संपते. घरात तुमच्यावर कर्ज असेल तर आधी सरकारी भरतीकडे बघा, यात कमीपणा नाही.

१९. फिल्डवर्क संपलं. वस्तीला काय सांगून निघायचं?

महिनाभर आधी तारीख सांगा, आणि दर भेटीत पुन्हा सांगा. ‘येत राहीन’ म्हणू नका. चालू अर्जांची यादी, पोचपावत्यांची फाईल आणि कुठल्या खिडकीवर कोण बसतं हे ज्यांच्या हाती द्यायचं त्या दोघींना शेवटच्या तीन खेपांना बरोबर न्या, शेवटच्या खेपेला तुम्ही बाहेर बाकावर बसा. तुमच्याकडे राहिलेले फोटो, कागदांच्या झेरॉक्स परत करा. निरोपाला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून देतील, ती घ्या, नाही म्हणू नका.

वस्तीच्या व्हॉट्सॲप गटात आधी तिथल्या दोघींना ॲडमिन करा, मग स्वतः बाहेर पडा. उलट क्रमाने केलंत तर ॲडमिन आपोआप कुणीतरी तिसराच होतो. आमच्या एका गटात तो चिटफंडवाला निघाला.